शेवटच्या 'बरं'चा अर्थ

"हे कुणी लिहिलंय?" टेंबेसरांनी विचारलं.

त्यांच्या हातात माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण होतं आणि लाल पेन्सिल पान एकशे ब्याऐंशीवर टेकलेली होती. मी समोर वेताच्या खुर्चीत पदर सावरत बसले होते.

"मीच लिहिलंय, सर."

"खराडे, चार वर्षं मी तुमचं मराठी तपासतोय. 'प्रस्तुत' आणि 'तद्वतच' या दोन कुबड्यांशिवाय तुमचं वाक्य पुढं सरकत नाही. आणि इथं बघा काय म्हणताय." त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं, "'हो म्हटलं की माणूस त्यात सामील होतो. बरं म्हटलं की नुसतं बोलणं संपतं, माणूस आपल्या जागीच राहतो.' हे तुमचं वाक्य?"

"हो, सर."

सरांनी माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की मी खाली फरशीकडं बघायला लागले. मी कधीच खोटं बोलत नाही असं नव्हे, पण सरांपुढं ते जमायचं नाही. आणि वाक्य खरंच माझं नव्हतं. ते आत स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोचं होतं. हे सरांना कळता कामा नये, असं काकूंनी मला बजावून ठेवलं होतं.

ही चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट, सांगलीतल्या विश्रामबागेतली. मी तासगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि टेंबेसरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होते. विषय होता जुन्या सामाजिक कादंबऱ्यांतल्या नायिका. नोंदणीची मुदत एकदा वाढवून घेतली होती, आता एकतीस मार्चला प्रबंध दाखल झाला नाही तर सगळं मुसळ केरात. कॉलेजनंही तोंडावर सांगितलं होतं, की जूनपर्यंत पदवी नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल. घरात मिळवती मी एकटी, आणि सोबत आई. त्यामुळं प्रबंधाच्या शेवटच्या पानावर सरांची सही हवी, एवढंच मला त्या दिवसांत दिसत होतं.

पाचवं प्रकरण एका कादंबरीवर होतं. ती जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची, आणि आम्ही सगळे तिला नायिकेच्या नावानंच ओळखायचो, चारुशीला. कथा साधी आहे. माधवराव नावाचा सुधारक वकील खेड्यातली बारा वर्षांची भागी लग्न करून आणतो, तिचं नाव चारुशीला ठेवतो, तिला लिहायवाचायला शिकवतो, सभेत भाषण करायला उभी करतो. शेवटच्या पानावर त्याचा मोठा सत्कार होतो. गळ्यात हार घेऊन तो घरी येतो आणि बायकोला विचारतो, "माझ्यावाचून तू कोण झाली असतीस?" चारुशीला त्याच्या गळ्यातला हार काढते, खुंटीला अडकवते आणि म्हणते, "बरं." मग पानं वाढायला आत जाते. कादंबरी संपली.

या शेवटच्या 'बरं'वर टेंबेसरांची अख्खी कीर्ती उभी होती. चारुशीलेचं समर्पण, तिची कृतार्थता, तिचं पूर्णत्व हे सगळं त्या एका शब्दात कसं भरलंय ते सरांनी तरुणपणीच लिहिलं होतं. 'दोन अक्षरांचं उपनिषद' हे त्यांचे शब्द. बी.ए.च्या पोरांनाही ते पाठ असायचे. उत्तरपत्रिकेत लिहिले की गुण ठरलेले.

आणि मी त्यांच्याच हाताखाली बसून लिहिलं होतं, की ते उपनिषद नाही, तो दरवाजा लावून घेणं आहे.

"मतभेदाला माझी ना नाही," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, सरांचा कधीच चढायचा नाही. "पण आधार कुठाय? कुठल्या समीक्षकानं म्हटलंय असं? ग्रंथ, पृष्ठ, आवृत्ती? पीएच.डी. म्हणजे चावडीवरच्या गप्पा नव्हेत. सोमवारपर्यंत ही सहा पानं काढा, मग सही करतो."

"सगळी सहा?"

"एकशे ब्याऐंशी ते एकशे सत्त्याऐंशी," सर म्हणाले आणि त्यांनी सहाही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक रेघ मारली.

ती पानं कशी झाली ते सांगितलं पाहिजे. आदल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी प्रकरण घेऊन आले तेव्हा सर झोपले होते. काकू म्हणाल्या, उठेपर्यंत बस माझ्यापाशी. काकू म्हणजे बुटक्या, गोऱ्या, नाकात मोरणी, आणि हात कधी रिकामा नाही. मी त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायला बसले आणि आपलं रडगाणं सुरू केलं. म्हटलं, काकू, हे शेवटचं 'बरं' काही मला सुटत नाही, उपनिषद उपनिषद म्हणून दोन पानं भरलीत, पण माझं मलाच पटत नाही.

"उपनिषद कसलं डोंबलाचं," काकू म्हणाल्या.

मी हातातले तांदूळ तसेच धरून बघत राहिले. पावणेचार वर्षांत काकूंच्या तोंडून कादंबरीबद्दल एक शब्द मी ऐकलेला नव्हता.

"बरं म्हणजे हो नव्हे," त्या म्हणाल्या. "हो म्हटलं की आपण त्यात आलो. बरं म्हटलं की समोरच्याचं बोलणं संपतं, आपण आहोत तिथंच राहतो. तो विचारतो, माझ्यावाचून तू कोण झाली असतीस. त्याला काही उत्तर नकोच आहे. ती म्हणते बरं. म्हणजे ऐकलं. पटलं असं कुठं म्हणाली ती?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून सरांची हाक आली. "चारू, चहा टाक. आलं घाल."

"बरं," काकू म्हणाल्या. पण जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडं बघून हसल्या. "आता सांग, मी हो म्हटलं का?"

"पण टाकणारच ना चहा?"

"टाकणार तर. चहाशी माझं काय भांडण आहे?"

मला हसू फुटलं. ते दाबता दाबता माझ्या लक्षात आलं, की आपण चार वर्षं जे शोधतोय ते इथं तांदळाच्या सुपात पडलंय.

मग मी तिथं वरचेवर जायला लागले, सरांच्या झोपेची वेळ साधून. काकू एकेक सांगत गेल्या. त्यांचं माहेरचं नाव द्वारका. आटपाडीकडच्या, चौथी शिकलेल्या. सत्तावन्न साली लग्न झालं तेव्हा सर नुकते एम.ए. झाले होते आणि ती कादंबरी डोक्यात घेऊन फिरत होते. लग्नात नाव बदलायच्या वेळी ताटात तांदूळ पसरले, सरांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव लिहिलं.

"मला वाचता येत होतं ना," काकू म्हणाल्या. "चारुशीला. मला वाटलं, चुकून दुसरीचंच नाव लिहिलं. शेजारी मावशी बसली होती, ती म्हणाली, अगं, हेच तुझं. मग मला वाटलं, रात्रीपर्यंत विचारतील, आवडलं का. नाही विचारलं. मोठी माणसं, विसरले असतील. तीन वर्षांनी कादंबरी हातात दिली आणि म्हणाले, वाच, ही तू."

"मग वाचलीत?"

"सतरा वेळा. मॅट्रिक केलं तेव्हा वाचली, बी.ए. केलं तेव्हा वाचली. ह्यांनीच शिकवलं सगळं, खोटं कशाला बोलू. दर वेळी शेवटचं पान आलं की वाटायचं, ही बाई माझ्यासारखीच बोलते. आणि हे तिच्याबद्दल भलतंच काहीतरी सांगत गावोगाव फिरतात."

"सरांना नाही सांगितलंत कधी?"

"सांगितलं ना, एकदा. हसले. म्हणाले, चारू, तू कादंबरी वाचतेस, मी तिचा अभ्यास करतो."

हे सांगताना त्या चिडलेल्या नव्हत्या. मीच चिडले. मी म्हटलं, काकू, मी लिहिते हे, तुमच्या नावानिशी लिहिते. त्यांनी चटकन माझा हात धरला.

"नाव नको. ह्यांचं मन मोडेल, आणि ह्या वयात मला घरात अबोला नको. पण तू लिही, सरोज. कागदावर येऊ दे. तुमच्या त्या ग्रंथालयात कपाटात राहील, कधीतरी एखादी पोर काढून वाचेल. मी काही मागत नाही गं कुणाकडं. एवढं एक मला मिळू दे."

मी शब्द दिला. आणि घरी जाऊन ती सहा पानं एका बैठकीत लिहिली. माझ्या आयुष्यात मी एवढी चांगली पानं पुन्हा लिहिलेली नाहीत, कारण बहुतेक वाक्यं काकूंची होती.

तर आता त्या पानांवर लाल रेघा पडल्या होत्या. रविवारी सर कुठल्याशा समितीच्या बैठकीला कोल्हापूरला गेले होते, तो मुहूर्त धरून मी काकूंकडं गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत. वाटेतच ठरवलं होतं, की रडायचं नाही, पण उंबऱ्यातच रडू आलं.

काकूंनी आधी पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"तुझी नोकरी जाईल का यापायी?"

"सही नाही झाली तर जाईल."

"मग काढ ती पानं," त्या लगेच म्हणाल्या. पण थोड्या वेळानं, भांडी लावता लावता पाठमोऱ्याच बोलल्या, "ते खाली बारीक अक्षरांत लिहिता ना तुम्ही, रेघेखाली?"

"तळटीप?"

"तेच. तिथं दोन ओळी नाही का मावणार?"

मावणार होत्या. मला एकदम हुशारी आली. म्हटलं, मावतात काकू, पण आधार द्यायला लागतो, कुणाशी चर्चा झाली त्याचं नाव, ठिकाण, तारीख. सर आधारच मागतायत. काकूंनी हात पुसले आणि पाटावर बसल्या.

"द्वारका लिही."

"आडनाव?"

"आडनावं दोन झाली. एक बापाचं, एक नवऱ्याचं. नाव तेवढं आईनं ठेवलेलं. नुसतं द्वारका लिही."

"पण सर ओळखतील."

"ओळखलं तर ओळखलं," काकू म्हणाल्या. आवाजात भीती होती, पण मला वाटतं थोडी हौसही होती. सदतीस वर्षांनी कुणीतरी त्या नावानं आपल्याला ओळखेल, या विचारानं त्यांचा चेहरा उजळला होता. मला ते स्पष्ट दिसलं.

सोमवारी सकाळी टंकलेखकाकडून नवीन पान घेऊन मी विश्रामबागेत हजर झाले. पानाच्या तळाशी अडीच ओळी होत्या. 'या उद्गाराकडे होकार म्हणून न पाहता संवाद संपवण्याची कृती म्हणूनही पाहता येईल. प्रत्यक्ष चर्चा: द्वारका, सांगली, नोव्हेंबर १९९३.' सरांनी आधी वरचं वाचलं, मान डोलावली, आणि मग पेन्सिल तळाशी आली.

"ही द्वारका कोण?"

काकू चहाचे कप घेऊन दारातून आत येत होत्या. त्या तिथंच थांबल्या.

मी काकूंकडं पाहिलं. त्या सरांकडं पाहत होत्या.

"वाचक आहेत, सर. गृहिणी."

"कुठल्या? आडनाव नाही, पत्ता नाही. द्वारका." त्यांनी ते नाव परत एकदा उच्चारलं, कपाळाला आठी घालून, एखादं विसरलेलं गाव आठवावं तसं. मला वाटलं, आठवलं. देवा, आठवू दे, असं मी मनात म्हटलं. "मी तरी या भागातल्या लिहित्यावाचत्या बाया सगळ्या ओळखतो. द्वारका नावाची कुणी नाही."

"सर, मत म्हणून..."

"मत कुणाचंही असतं हो. उद्या भाजीवालीचंही घ्याल." ते चिडले नव्हते, मला समजावत होते, तेच वाईट होतं. "चारू, तू सांग. तू एवढ्यांदा वाचलीस चारुशीला. असं काही वाटलं का तुला कधी?"

काकूंनी कप टेबलावर ठेवले. एका कपातला चहा बशीत सांडला होता, तो त्यांनी परत कपात ओतला.

"चहा निवतोय," त्या म्हणाल्या.

सर हसले, "बघा," म्हणाले, आणि त्या अडीच ओळींवर त्यांनी पेन्सिल फिरवली. मग शेवटच्या पानावर सही केली, तारीख घातली, आणि प्रबंध माझ्या हातात देऊन पाठीवर थाप मारली. माणूस वाईट नव्हता. माझ्या आईच्या आजारपणात यानंच ओळखीचा डॉक्टर गाठून दिला होता, माझी चूक न् चूक दुरुस्त केली होती. हे सगळं आठवून मी वाकून नमस्कार केला. वर बघितलं तेव्हा काकू आत गेल्या होत्या.

मे महिन्यात माझी मौखिकी झाली. खुली होती, विभागाच्या लांब खोलीत पंचवीस-तीस माणसं. बाहेरगावचे परीक्षक आले होते, डॉ. वाघोलीकर नावाचे, सत्तरीचे, कानात यंत्र घातलेले. नंतर सगळ्यांचं जेवण टेंबेसरांच्या घरी होतं. काकू म्हणाल्या होत्या, स्वयंपाक सकाळीच उरकते, पण सरोजची परीक्षा बघायला येते. आणि त्या आल्या, जांभळ्या इरकलीत, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या.

सगळं झकास चाललं होतं. मी घडाघडा बोलत होते. संपत आलं तेव्हा वाघोलीकरांनी पानं चाळली आणि विचारलं, "खराडेबाई, एक राहतंय. तुम्ही चारुशीलेवर चाळीस पानं लिहिलीत, पण तिच्या शेवटच्या शब्दावर जेमतेम एक परिच्छेद. मला उगाच वाटतंय की इथं काहीतरी होतं आणि तुम्ही काढलंत. तुमचं स्वतःचं मत काय? हे 'बरं' म्हणजे नेमकं काय?"

खोलीत कुणीतरी खाकरलं. शेवटच्या रांगेत काकूंनी मान वर केली.

आता खरं सांगते, त्या क्षणी मला कुणी अडवलेलं नव्हतं. अहवाल चांगले आले होते, सही झाली होती, पदवी माझ्या खिशातच होती म्हणा ना. दोन वाक्यं बोलायची होती. ती मला पाठ होती. 'हो म्हटलं की माणूस त्यात सामील होतो.' एवढं सुरू केलं असतं की पुढचं आपोआप आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण समोर पहिल्या रांगेत सर बसले होते. ते माझ्याकडं बघून हसत होते, आपल्या मुलीचं स्नेहसंमेलन बघायला आलेल्या बापासारखे, आणि ओठ हलवून मला शब्द पुरवत होते.

मी तेच शब्द उचलले.

"प्राध्यापक टेंबे यांनी म्हटल्याप्रमाणे," मी म्हणाले, "ते दोन अक्षरांचं उपनिषद आहे."

टाळ्या पडल्या. वाघोलीकरांनी पान मिटलं. मी दाराकडं बघितलं तेव्हा काकूंची खुर्ची रिकामी होती. पानं मांडायची होती, त्या रिक्षानं पुढं गेल्या, असं कुणीतरी म्हणालं. घरी गेल्यावर त्यांनी मला डॉक्टरीणबाई म्हणून हाक मारली, ओवाळलं, आणि पंक्तीत माझ्या पानात दोनदा श्रीखंड वाढलं. मी नको नको म्हणत होते. एकदा वाटलं, मोरीपाशी गाठून पाय धरावेत. पण घर माणसांनी भरलं होतं, आणि काय म्हणून धरायचे तेही सुचेना.

त्यानंतर मी विश्रामबागेत जाणं टाळायला लागले. दसऱ्याला सोनं द्यायला जायचे, उभ्या उभ्या परत यायचे.

पाच वर्षं गेली. नव्व्याण्णवच्या एका दिवाळी अंकात टेंबेसरांचा लेख आला, 'चारुशीलेचा नकार'. मी तो कॉलेजच्या ग्रंथालयात उभ्यानं वाचला. पहिल्याच पानावर होतं, 'हो म्हणणारा माणूस त्या गोष्टीत सामील होतो. बरं म्हणणारा फक्त संवाद संपवतो आणि स्वतःच्या जागी अढळ राहतो.' पुढं सगळं तेच, माझ्या सहा पानांतलं, फक्त भाषा सरांची. माधवरावाला उत्तर नकोच होतं, हेही होतं. सरांनी मोठ्या मनानं लिहिलं होतं, की चाळीस वर्षं आपण या स्त्रीला चुकीचं वाचत आलो, ही चूक आज कबूल करतो.

लेखाचा फार बोलबाला झाला. या वयात स्वतःचं मत खोडून काढणारा समीक्षक म्हणून सरांचे सत्कार झाले. दोन वर्षांत तो संदर्भ म्हणून नेमला गेला आणि परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न यायला लागला. मीच वर्गात फळ्यावर लिहून द्यायचे, 'प्रा. टेंबे यांच्या मते'. नाही दिलं तर पोरांचे गुण जायचे.

एके दिवशी तृतीय वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी आली.

"मॅडम, टेंबेसरांना बायकांच्या मनातलं इतकं बरोबर कसं काय कळलं हो?"

"अभ्यास," मी म्हणाले.

त्याच दुपारी मी रजेचा अर्ज टाकला आणि सांगलीची गाडी धरली. सर पुण्याला व्याख्यानाला गेले होते. काकू झोपाळ्यावर बसून वाती वळत होत्या. खूप वाळल्या होत्या. मी इकडचं तिकडचं काही न बोलता अंकाचं नाव घेतलं.

"वाचला की," काकू म्हणाल्या. "वाचला काय, लिहिला मीच. ह्यांचा हात थरथरतो ना हल्ली. हे सांगतात, मी लिहून काढते."

"तुम्ही लिहून काढलात? तो लेख?"

"एका सकाळी उठले आणि म्हणाले, चारू, मला पहाटे एक सुचलंय, वही आण. डोळे असे चमकत होते, सरोज. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांना सुचलंय. चोरी केली असती तर मी बोलले असते. चोर तोंड तरी चुकवतो. हे माझ्याकडं बघून विचारत होते, कसं वाटलं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? छान आहे म्हटलं. आहेच छान." त्यांनी वात तळहातावर फिरवली, ती नीट वळली नाही, मोडून परत घेतली. "दोन ठिकाणी ह्यांची वाक्यं अडत होती, ती मी सरळ केली."

मी रडायला लागले. म्हटलं, काकू, चूक माझी. मौखिकीत बोलायला पाहिजे होतं. तुमचं नाव घेऊन बोलायला पाहिजे होतं.

"नाव कुठं मागितलं होतं मी?" काकू शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या नावानं तर बोलायचंस. तुझ्या नावानं छापून आलं असतं ना, तर एखाद्या दिवशी जीव एकवटून मी ह्यांना म्हटलं असतं, अहो, हे माझं आहे, सरोजनं माझ्याकडून घेतलंय. तुझ्याशी भांडायला मला काही वाटलं नसतं. हक्कानं भांडले असते." "आता ते ह्यांचं झालं. आता कुणाला सांगू, सरोज? ज्यांना सांगायचं होतं ते तेवढे हेच होते."

पाच वाजता तासगावची गाडी होती, तोपर्यंत मी त्यांच्यापाशी बसून वाती वळल्या.